छायाचित्राखालची ओळ

एका शालेय विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. तेथे चंद्राचे एक सुरेख छायाचित्र मांडले होते. खाली शांत समुद्र, वर क्षितिजाला टेकू पाहणारा पूर्ण चंद्र आणि त्याखाली ओळ, 'पौर्णिमेची संध्याकाळ, कोकण किनारा'. चित्रासमोर गर्दी होती. मला मात्र शंका आली. कोकणचा समुद्र पश्चिमेला. पौर्णिमेचा चंद्र आकाशात सूर्याच्या समोरच्या बाजूला असतो. म्हणून सूर्य मावळण्याच्या सुमारास तो पूर्वेला, डोंगरांच्या बाजूने उगवतो. मग संध्याकाळी तो समुद्रावर आला कसा?

छायाचित्रकार नववीतला विद्यार्थी होता. विचारताच प्रांजळपणे म्हणाला, "सर, फोटो पहाटेचा आहे. पण 'संध्याकाळ' लिहिलं की छान वाटतं."

विद्यार्थिमित्रांनो, या मुलाने पहाटे उठून, किनाऱ्यावर उभे राहून खरोखरच मोलाची गोष्ट टिपली होती. पाठीमागे सूर्य उगवण्याच्या बेतात, समोर चंद्र मावळतीला आणि मध्ये आपली पृथ्वी! पौर्णिमा म्हणजे काय, हे त्या एका चित्रात आले होते. एका खोट्या शब्दाने ते वाया गेले. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, वेळ आणि ठिकाण न लिहिलेले छायाचित्र सुंदर असेल, पण ते निरीक्षण नव्हे.

आज हे सांगण्याची गरज अधिक आहे. काही मोबाइल फोन चंद्र ओळखतात आणि चित्र आपणहून अधिक रेखीव करतात. मग त्यातले डाग आपण टिपलेले किती आणि यंत्राने भरलेले किती, हे कळत नाही. अशी सोय बंद करून काढलेला थोडा अस्पष्ट चंद्र मला अधिक प्रिय आहे.

साध्या कॅमेऱ्यानेही पुष्कळ साधते. चंद्राचा नुसता पांढरा ठिपका येतो, अशी अनेकांची तक्रार असते. कारण सोपे आहे. कॅमेरा काळ्या आकाशाकडे पाहून जास्त प्रकाश आत घेतो. पण चंद्र म्हणजे भर उन्हात पडलेला खडकच! त्याला उन्हातल्या वस्तूइतकाच प्रकाश पुरतो. आयएसओ १००, छिद्र एफ/११ आणि झडप १/१०० सेकंद, एवढ्यावर सुरुवात करावी. विवरे पाहायची असतील तर पौर्णिमेपेक्षा शुक्ल अष्टमीचा सुमार बरा. तेव्हा उजेड-अंधाराच्या सीमेवर ऊन तिरपे पडते व सावल्या लांब होतात. पौर्णिमेला सावल्या जवळजवळ दिसत नाहीत, म्हणून चंद्र सपाट वाटतो.

आता नोंदींची किंमत पाहा. चंद्र पृथ्वीपासून कधी सुमारे ३,५६,००० किलोमीटरवर, तर कधी ४,०६,००० किलोमीटरवर असतो. वर्षभर प्रत्येक पौर्णिमेला त्याच भिंगाने, झूम न बदलता छायाचित्र काढा आणि सर्व छायाचित्रे सारख्याच प्रमाणात छापून पट्टीने व्यास मोजा. सर्वांत दूरच्या चंद्राचा व्यास ७० मिलिमीटर भरला, तर सर्वांत जवळच्या चंद्राचा सुमारे ८० भरेल. चंद्राची कक्षा अचूक वर्तुळ नाही, हे तुम्ही स्वतः मोजलेले असेल. मात्र तारखा नसतील, तर ती बारा छायाचित्रे म्हणजे नुसत्या बारा चकत्या!

हाच नियम झाडांना आणि ढगांना लागू आहे. शाळेच्या आवारात सावर असेल, तर दर आठवड्याला एकाच जागेवरून तिचे छायाचित्र घ्या. पाने कधी गळली, पहिले फूल कधी आले, हे तीन-चार वर्षांत तुमची वहीच सांगू लागेल.

शिक्षकांना एक विनंती आहे. छायाचित्र स्पर्धेत निम्मे गुण नोंदवहीला द्या. तारीख, वेळ, ठिकाण, दिशा, कॅमेऱ्याची मापे आणि नंतर चित्रात काही बदल केला असल्यास तोही, एवढे पुरे. यामुळे महागडा कॅमेरा नसलेल्या मुलालाही बरोबरीची संधी मिळेल.

त्या मुलाने नंतर काय केले, ते सांगायचे राहिले. त्याने खिशातून पेन काढले, 'संध्याकाळ' खोडले आणि 'पहाट' लिहिले. त्या खाडाखोडीसह ते चित्र मला अधिक सुंदर दिसले.