आवडते तेवढेच गाणे?

इंदूरचे उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) यांचे ध्वनिमुद्रित गायन ऐकविले, की विद्यार्थ्यांस तराणा फार प्रिय होतो. १४ मात्रांच्या झुमऱ्यातील अतिविलंबित ख्याल मात्र कंटाळवाणा वाटतो. नावड हा अपराध नव्हे. ती प्रांजळपणे सांगावी, असेच आम्ही म्हणू. परंतु नावडता भाग गाळून थेट तराण्याकडे धाव घेणे आम्हांस मान्य नाही. विलंबितात एकेका स्वराशी सावकाश परिचय होतो. तेच स्वर पुढे द्रुतात धावू लागले, की परिचयामुळेच अधिक मोहवितात. म्हणून विद्यार्थिमित्रहो, गाणे एकदा तरी संपूर्ण ऐकावे. त्यानंतरही विलंबित रुचले नाही, तर त्या नावडीस काही मोल राहील.