ऋत्विजाचा ‘ऋ’ कोणाचा?

नाव ही माणसाची पहिली ओळख. ती ओळख कोणत्या लिपीत ठरावी, हा प्रश्न मात्र आज मराठी घरांत फारसा विचारला जात नाही. ‘ऋत्विक’ या नावाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. एके काळी क्वचितच कानी पडणारे हे नाव अलीकडे पाळण्यात येऊ लागले, आणि नावाबरोबर वादही आला. ‘रुत्विक’ की ‘रित्विक’? मराठी आजी ‘रु’ म्हणते, हिंदी भाषक शिक्षक ‘रि’ म्हणतो आणि दोघेही एकमेकांचा उच्चार अशुद्ध ठरवतात.

वस्तुतः या वादात दोन्ही पक्षांकडे अभिमान आहे, आधार नाही. पाणिनीय परंपरेत ‘ऋ’ हा स्वतंत्र स्वर असून त्याचे उच्चारस्थान मूर्धा सांगितले आहे. त्यात ‘इ’ही नाही आणि ‘उ’ही नाही. हा मूळ उच्चार लोकभाषांतून केव्हाच लोपला. प्राकृतातच ‘ऋ’च्या जागी कुठे अ, कुठे इ, तर कुठे उ आला. तृणाचे तण झाले, शृंगाचे शिंग झाले, ‘पृच्छ्’ धातूतून पुसणे आले. ‘रु’चा आग्रह धरणारा मराठी माणूस ऋणाला ‘रीण’ म्हणतो, तर ‘रि’चा कैवार घेणारी हिंदी ऋतूला ‘रुत’ म्हणते! गुजरात, महाराष्ट्र, ओडिशा व तेलुगू प्रदेश ‘रु’कडे झुकतात, उत्तर भारत आणि बंगाल ‘रि’कडे. चित्रपट दिग्दर्शक ऋत्विक घटक यांचे नाव बंगाली माणूस ‘रित्तिक’ असे उच्चारतो. म्हणून ते नाव परके ठरते काय? एकाच अक्षराचे हे प्रांतोप्रांतीचे उच्चार म्हणजे भ्रष्टता नव्हे. अक्षर एक आहे तोवर नावही एकच आहे.

खरी हानी होते ती हे अक्षरच सुटते तेव्हा. २००० साली ‘कहो ना प्यार है’ प्रदर्शित झाला आणि ‘हृतिक’ हे नाव देशभर गाजले. ते कोणी आवडीने ठेवले तर त्यात गैर काही नाही. परंतु ते ‘ऋत्विक’चेच नवे रूप आहे, हा समज निराधार आहे. ‘हृत’ म्हणजे हरण केलेले. ऋत्विज् म्हणजे योग्य ऋतूत, योग्य काळी यजन करणारा. ऋग्वेदाच्या पहिल्याच मंत्रात हा शब्द अग्नीसाठी आला आहे. सोमयागात सोळा ऋत्विज असतात; होता, अध्वर्यू, उद्गाता आणि ब्रह्मा हे त्यांतील प्रमुख. ‘ऋत्विक्’ हे त्याच शब्दाचे प्रथमा एकवचन. एवढा अर्थ ज्या नावात साठवला आहे, ते नाव केवळ कानाला गोड लागते म्हणून ठेवायचे आणि त्याचे पहिले अक्षर मुलाला कधी गिरवू द्यायचे नाही, याला कौतुक म्हणावे की उपेक्षा?

आज अनेक घरांत आधी इंग्रजी स्पेलिंग ठरते आणि मग त्यावरून देवनागरी लिहिले जाते. ‘आर-यू’ लिहिले की ‘रुत्विक’, ‘आर-आय’ लिहिले की ‘रित्विक’. सव्वीस अक्षरांच्या रोमन लिपीत ‘ऋ’ला जागाच नाही, त्या लिपीला देवनागरीचे मूळ ठरवणे ही उलटी गंगा आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच द्यावा लागणार आहे. त्यावर उमटलेली चूक आयुष्यभर सोबत करील. १९६९ च्या मूळ कायद्यानुसार जन्माची नोंद नावाशिवाय करून नाव मागाहून घालता येते. म्हणजे घाईची सबबही उरत नाही.

मराठी पालकांनी खुशाल ‘रु’ म्हणावे. इतरांच्या ‘रि’ला हसू नये. स्पेलिंग कोणतेही निवडावे, पण ते सर्व कागदपत्रांवर एकच ठेवावे. मात्र दाखल्यावर देवनागरीत ‘ऋ’च लिहिला जाईल, हे स्वतः वाचून पाहावे आणि मुलाने पाटीवर पहिल्यांदा आपले नाव लिहिले, तर ते ‘ऋ’नेच सुरू होईल, याची काळजी घ्यावी. हे काम कोणतेही सरकार करणार नाही; ते घरातच झाले पाहिजे.