बेदखल पार्श्वभूमी

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुणे सोडून दिवे घाट चढू लागली, की त्या वळणांवर छायाचित्रकारांचीही एक स्वतंत्र दिंडी उभी राहते, आणि त्यानंतर आठवडाभर जी छायाचित्रे आपल्या पाहण्यात येतात, त्यांतील कितीतरी चित्रांत एक सुरकुतलेला चेहरा, कपाळीचा बुक्का आणि डोईवरचे तुळशीवृंदावन एवढेच काय ते स्पष्ट असून मागचा घाट, पताका, टाळकरी हे सारे एका मऊ रंगीत धुक्यात विरून गेलेले असते. चित्र देखणे असते, यात वाद नाही; परंतु ज्या सोहळ्याचे मर्मच एकामागून एक चालणाऱ्या हजारोंत आहे, त्यातून त्या हजारोंना बेदखल करण्याचे फर्मान कोणी काढले, हे विचारल्यावाचून राहवत नाही.

फर्मान निघते ते भिंगातील छिद्रातून, म्हणजे अ‍ॅपर्चरमधून. त्याचे माप भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागून सांगतात; तेव्हा ५० मिलिमीटरच्या भिंगावर एफ/२ म्हणजे २५ मिलिमीटरचे ऐसपैस द्वार आणि एफ/१६ म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटरचे भोक. आकडा वाढला की छिद्र लहान होते, हा उलटा हिशेब नवशिक्याला काही काळ चकवतोच, आणि त्याला सवयीवाचून इलाज नाही. ज्या अंतरावर फोकस केला असेल, तेथील बिंदू बिंदूसारखाच उमटतो. त्याच्या अलीकडचे-पलीकडचे बिंदू मात्र वाटोळ्या ठिपक्यांच्या रूपाने उमटतात, आणि छिद्र जितके रुंद तितका ठिपका मोठा. हा ठिपका आपल्या डोळ्याला बिंदूच भासावा इतका बारीक राहतो, तोवरचा जो मुलूख, त्यास डेप्थ ऑफ फील्ड म्हणावयाचे. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर आणि ५० मिलिमीटरचे भिंग घेऊन तीन मीटरवरील माणसावर फोकस केला, तर एफ/२ला हा मुलूख अर्ध्या मीटरहूनही कमी भरतो. एफ/८ला तो सुमारे सव्वादोन मीटरपासून सव्वाचार मीटरपर्यंत जातो, आणि एफ/१६ला सात मीटरपर्यंत. माणसाच्या जवळ सरकावे किंवा लांब पल्ल्याचे भिंग लावावे, की तो पुन्हा आक्रसतो.

मोबाइलच्या जाहिरातीत एफ/१.८ असा आकडा मोठ्या दिमाखाने छापलेला असतो, पण तेथे भिंगाचे नाभीय अंतरच पाचसात मिलिमीटर असल्यामुळे प्रत्यक्ष छिद्र तीनचार मिलिमीटरच्या पुढे जात नाही, आणि चेहरा अगदी जवळ नसेल तर बहुतेक सारे आपोआप स्पष्ट येते. पोर्ट्रेट मोडमधील धूसरता ही भिंगाची करणी नसून गणकाची आहे: त्यास जो केस, जी पताका पार्श्वभूमीची वाटली, ती त्याने पुसली.

धूसरतेची कैफियतही ऐकून घेतली पाहिजे. छायाचित्रकार पीटर हेन्री इमर्सन याने १८८९ साली आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले होते, की मानवी दृष्टीही एका वेळी एकाच गोष्टीवर स्थिर होते, म्हणून मुख्य विषय तेवढा स्पष्ट ठेवून बाकीचे किंचित मवाळ करावे. किंचित, हे त्यातले महत्त्वाचे. मागे विजेच्या तारांचे जंजाळ वा जाहिरातींचे फलक असतील, तर मीही छिद्र खुशाल उघडीन. परंतु १९३२ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात एडवर्ड वेस्टन, अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि इमोजेन कनिंगहॅम या छायाचित्रकारांनी आपल्या मंडळाला नाव दिले ते एफ/६४ असे, म्हणजे मोठ्या कॅमेऱ्यावरील अतिशय लहान छिद्राचे. कारण हेतुपुरस्सर आणलेल्या मवाळपणाची त्या काळी अशीच साथ पसरली होती.

आणि ‘सिटिझन केन’ या १९४१च्या चित्रपटातील तो प्रसंग पाहावा. आई मुलाला एका सावकारी वृत्तीच्या पालकाच्या हवाली करण्याच्या कागदावर सही करीत आहे. ती आपल्या अगदी निकट, मेजाशी. बाप मध्ये अस्वस्थ उभा. आणि दूर मागे, खिडकीच्या चौकटीत, आपल्या भवितव्याचा फैसला होत आहे याची गंधवार्ता नसलेला मुलगा बर्फात खेळतो आहे. चित्रपटाचा छायालेखक ग्रेग टोलंड याने रुंद कोनाचे भिंग, लहान छिद्र आणि भरपूर प्रकाश यांची तजवीज करून तिघांनाही सारख्याच लखलखीतपणे दाखविले. तो मुलगा धूसर झाला असता, तर कागदावरची सही ही केवळ सहीच राहिली असती.

नव्या छायाचित्रकाराला मात्र पहिला उपदेश मिळतो तो एफ/१.८चे भिंग घेऊन ते सदा सताड उघडे ठेवण्याचा, आणि मला हा शिरस्ता उफराटा वाटतो. कोणती गोष्ट पुसावी हे ठरविण्याची मुखत्यारी त्यालाच द्यावी, ज्याने आधी सारे काही चौकटीत नीट मांडून पाहिले आहे. कारण मागचे सारे स्पष्ट असते तेव्हा दोन पावले डावीकडे सरकावे, गुडघ्यावर बसावे, मागचा माणूस पुढच्याच्या आडून बाहेर येईपर्यंत थांबावे, हे सारे कष्ट पडतात, आणि तेच खरे शिक्षण.

आषाढात उजेड कोठून आणावा, असा आक्षेप येईल. मळभ असले तरी सेन्सरची संवेदनशीलता आयएसओ ४०० ठेवून एफ/८ आणि सेकंदाच्या चारशेव्या भागाचा शटर-वेग एवढे चालते. आभाळ फारच भरून आले तर आयएसओ ८०० करावा, चालणारी पावले त्यातही स्थिर उमटतात. २८ मिलिमीटरच्या भिंगावर एफ/८ ठेवून तीन मीटरवरच्या माउलींवर फोकस केला, की सुमारे दीड मीटरपासून तीसपस्तीस मीटरपर्यंतची दिंडी त्यांच्यासह चित्रात येते.