आधी ब्लॉक, मग ॲसिड

लाळग्रंथींच्या कर्करोगांत जनुकीय दोष बहुधा आईवडिलांकडून आलेला नसतो; तो ग्रंथीतल्याच एखाद्या पेशीत, रुग्णाच्या हयातीत घडतो. अनेकदा दोन गुणसूत्रे तुटतात आणि भलत्याच टोकांनी जुळतात. ॲडेनॉइड सिस्टिकमधला सहाव्या-नवव्या गुणसूत्रांचा मायब–एनएफआयबी संयोग स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या गटाने २००९ मध्ये दाखवला. म्युकोएपिडर्मॉइडमध्ये सीआरटीसी१–एमएएमएल२ सापडतो. ॲसिनिक सेल म्हणून खपणाऱ्या काही गाठी ईटीव्ही६–एनटीआरके३ मुळे होतात, हे पॅथॉलॉजिस्ट स्कालोव्हा यांनी २०१० मध्ये मांडले. त्याच आजच्या सिक्रीटरी कार्सिनोमा. हा संयोग असलेल्या पसरलेल्या रोगासाठी लॅरोट्रेक्टिनिबला अमेरिकेत २०१८ मध्ये मंजुरी मिळाली. म्हणजे नाव चुकले तर रुग्णाचे औषधच हुकते.

सीवायएलडी जनुकाचा आनुवंशिक दोष हा विरळा अपवाद. डोक्याच्या कातडीवर अनेक सिलिंड्रोमा आणि पॅरोटिडमध्ये बेसल सेल गाठ असेल, तर घराण्याची चौकशी करावीच.

वाचकांच्या पत्रांतली तक्रार मात्र वेगळीच आहे: हे संयोग शोधणाऱ्या आरएनए तपासणीला पाठवलेला ब्लॉक ‘नमुना अपुरा’ या शेऱ्यासह परत येतो. बहरीनमध्ये माहूजला राहणारा मराठी माणूस तिथे शस्त्रक्रिया करून मुंबईला येतो, तेव्हा फाइलमध्ये रिपोर्ट आणि चार स्लाइड असतात, ब्लॉक नसतो. महिनाभराने ब्लॉक येतो, पण त्यातले आरएनए केव्हाच नष्ट झालेले असते. मुंबई-पुण्याच्या रुग्णांचीही गत याहून बरी नाही.

दोष ग्रॉसिंगच्या टेबलावर आहे. टाळूच्या गाठीला अनेकदा हाड चिकटलेले असते, म्हणून अख्खा तुकडा नायट्रिक ॲसिडमध्ये बुडवला जातो. हाड मऊ होते, सुरी सहज चालते आणि आरएनएचे तुकडे होतात. फिश तपासणीसुद्धा मग वाचता येत नाही. बफर नसलेले जुने, आंबट झालेले फॉर्मॅलिनही हेच करते. पाच मिनिटे वाचवण्यासाठी रुग्णाचा एकुलता एक नमुना वाया घालवणे अक्षम्य आहे, आणि फॉर्मवर ‘डीकॅल केले’ एवढेही न लिहिणे त्याहून वाईट.

पॅथॉलॉजिस्ट मित्रांनो, हाडापासून सुटा असलेला गाठीचा एक तुकडा आधी वेगळ्या कॅसेटमध्ये घ्या. तो १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये ठेवा, फिक्सेशनची वेळ फॉर्मवर नोंदवा. हाडाची घाई नसेल तर ॲसिडऐवजी ईडीटीए वापरा. आणि रुग्ण गाव किंवा देश सोडून निघाला, तर ब्लॉक त्याच्या हाती द्या.