गाठ मांडीत, मूळ मटणाच्या दुकानामागे

मांडीत किंवा पाठीत न दुखणारी, सावकाश वाढणारी गाठ दिसली की दोन सल्ले फुकट मिळतात: 'चरबीची असेल, राहू द्या' आणि 'सुई घालून पाणी काढून टाका'. यातला दुसरा जिवावर बेतू शकतो. मी तालुक्याच्या गावातला सर्जन. खोलवरच्या गाठीला सोनोग्राफीआधी सुई लावत नाही, पेशंट कितीही कुरकुरो.

कारण ती हायडॅटिडची निघू शकते. कुत्र्याच्या आतड्यातल्या, जेमतेम काही मिलिमीटर लांबीच्या टेपवर्मची ही करणी. त्याची अंडी विष्ठेतून मातीत, भाजीवर, हाताला आणि मग आपल्या पोटात जातात. अंड्यांतून निघालेल्या अळ्या रक्तात शिरल्या की बहुतेक लिव्हरमध्ये अडकतात, बऱ्याच फुफ्फुसात. दोन्ही ओलांडून स्नायूत पोचणारी विरळाच, म्हणून तिथे संशयच येत नाही. अशी गाठ फुटली तर आतल्या पाण्याने तीव्र ॲलर्जी होऊन रक्तदाब कोसळू शकतो, शिवाय सांडलेल्या कणांतून नव्या गाठी उगवतात.

मेंढरांमागे हयात गेलेल्या एका आजींच्या मांडीतली गाठ आम्ही काढली. आधी अल्बेंडाझोल या जंताच्या औषधाचा कोर्स, मग भोवती तीव्र मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या घड्या ठेवून ती न फोडता अख्खी बाहेर. ट्रेमध्ये चिरली तर उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं आवरण, नितळ पाणी आणि त्यात लहानमोठ्या पिल्लू-गाठी. आजी म्हणाल्या, "डाक्टर, कुत्रं तर कवा चावलं न्हाई मला!" चावण्याची भीती सगळ्यांना आहे, विष्ठेची कुणालाच नाही.

आणि कुत्र्याला हा जंत देतो कोण? आपणच. शेळ्यामेंढ्यांच्या लिव्हर-फुफ्फुसात याच गाठी असतात. असा खराब भाग खाटीक दुकानामागे भिरकावतो आणि कुत्री टपलेलीच असतात. आइसलँडने एकोणिसाव्या शतकात घरोघरी पुस्तिका वाटून आणि कुत्र्यांबाबत कायदे करून हा रोग हटवायला घेतला. न्यूझीलंडने 1959 साली कायदा केला, कुत्र्यांना कच्चे अवयव घालायला बंदी आणली, त्यांना नियमित जंताचं औषध दिलं. 2002 मध्ये देश तात्पुरता रोगमुक्त जाहीर झाला.

आमची नगरपालिका मटणवाल्यांकडून परवाना फी बिनचूक वसूल करते. त्याच परवान्यात झाकणाच्या डब्याची आणि खराब अवयव खोल पुरण्याची अट घालावी, नसबंदीसाठी पकडलेल्या कुत्र्यांना प्राझिक्वांटेल हे जंताचं औषधही द्यावं, आणि धनगरवाड्यांवर पशुवैद्यकाने मेंढ्यांच्या लसीसोबत राखणीच्या कुत्र्यांच्या गोळ्याही न्याव्यात.