कुलाब्याचे दहा केबी, मारिओचे चाळीस

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली संपूर्ण देशी बांधणीचा डिजिटल संगणक कामाला लागला. ‘टिफ्रॅक’ हे नाव त्याला १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी दिलं. त्याच्या स्मृतीत चाळीस बिटांचे २,०४८ शब्द मावत, म्हणजे आजच्या हिशेबानं दहा केबी. आणि नव्वदीत गिरगाव-लालबागची पोरं व्हिडिओ गेमच्या ज्या प्लास्टिकच्या कॅसेटसाठी हट्ट धरून बसायची, त्यातला १९८५चा मारिओ हा गेम चाळीस केबींचा! एवढ्याशा जागेत आठ दुनिया बसवायच्या तर काटकसर हवीच. म्हणून त्यातले ढग आणि झुडपं हे एकच चित्र, नुसता रंग बदललेला. या कॅसेटी ज्यात घालायच्या ते डबे बहुतेक निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या गेमयंत्राच्या नकला. लॅमिंग्टन रोडवर घासाघीस करून आणायचे, टीव्हीच्या अँटेनाच्या जागी वायर खुपसायची, चॅनेल जुळवायचा आणि ऐन बातम्यांच्या वेळी आजोबांचा ओरडा खायचा. ‘९९९९९९९ इन वन’ छापलेल्या कॅसेटीत मोजके गेम आणि त्यांचीच फिरवाफिरव, म्हणजे शुद्ध बनवाबनवी. कॅसेट अडली की फुंकर मारण्याचा आपला रामबाण उपायही खुळाच: चालायची ती काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे, फुंकरीच्या ओलाव्यानं आतल्या धातूच्या पट्ट्या उलट खराब व्हायच्या. माळ्यावर एखादी पडली असेल तर भंगारात घालू नका, कापसाला स्पिरिट लावून पट्ट्या पुसून बघा.