जाहिरातीत ६ टन, दारावर ७०० किलो : ट्रेलर ओढायला अमेरिकेत ‘हेवी-ड्युटी’ पिकअप का लागतो?

अमेरिकेतल्या आपल्या लोकांचे रील्स बघत असाल तर हे दृश्य ओळखीचं आहे. पुढे भलामोठा पिकअप ट्रक, मागे घराएवढा पांढरा ट्रेलर, आत किचन, बाथरूम, बंक बेड आणि बाहेर ग्रँड कॅनियन किंवा यलोस्टोन. खाली कमेंट ठरलेली : ‘गाडी कोणती आहे?’

प्रश्न साधा वाटतो, पण चुकीचा ट्रक निवडला तर ट्रेलर रस्त्यावर सापासारखा हलायला लागतो आणि उतारावर ब्रेक तापतात. आत बसलेलं असतं अख्खं कुटुंब.

कोविडनंतर हा विषय अमेरिकेत आणखी मोठा झाला. विमानं आणि हॉटेलं टाळून लोक ट्रेलरकडे वळले. २०२१ मध्ये ६ लाखांहून जास्त आरव्ही, म्हणजे ट्रेलर आणि मोटरहोम, कारखान्यांतून डीलरकडे गेल्या. तो विक्रम होता. २०२३ मध्ये हा आकडा ३ लाख १३ हजारांवर आला. लाट ओसरली, पण ते ट्रेलर आहेत आणि ते ओढायला ट्रक लागतोच. त्यात २०२५ मध्ये आयात कराची भर पडली.

हाफ-टन, थ्री-क्वार्टर टन, वन-टन म्हणजे काय?

अमेरिकेत मोठ्या पिकअपचे ढोबळ तीन गट आहेत. फोर्ड एफ-१५०, शेवरोले सिल्व्हराडो १५०० आणि रॅम १५०० हे हाफ-टन. एफ-२५० आणि बाकी दोघांचे २५०० हे थ्री-क्वार्टर टन. एफ-३५० आणि ३५०० हे वन-टन. शेवटच्या दोन गटांना हेवी-ड्युटी म्हणतात.

ही नावं जुन्या काळातली आहेत. तेव्हा अर्धा टन माल नेणारा तो हाफ-टन. आज तिन्ही गट नावापेक्षा बरंच जास्त वजन नेतात. नावं मात्र तीच राहिली.

जाहिरातीतला आकडा खोटा असतो का?

खोटा नसतो, पण तो तुमच्यासाठी नसतो.

हाफ-टन ट्रकच्या जाहिरातीत ५ ते ६ टन ओढण्याची क्षमता दिसते. आधी प्रत्येक कंपनी हा आकडा आपल्या पद्धतीने काढायची. मग ‘एसएई जे-२८०७’ नावाचं सामायिक मानक आलं. टोयोटाने ते सगळ्यात आधी स्वीकारलं आणि अमेरिकन कंपन्या नंतर आल्या. यातली एक चाचणी ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या घाटात होते. सुमारे १८ किलोमीटरची चढण, एसी पूर्ण चालू आणि ट्रकने ठरलेल्या वेगाच्या खाली यायचं नाही.

चाचणी कडक आहे. पण त्यात ट्रकमध्ये फक्त दोन माणसं धरतात, प्रत्येकी ६८ किलोची. मागच्या सीटवर पोरं नाहीत, आजी-आजोबा नाहीत. हौद्यात सायकली नाहीत की जनरेटर नाही. शिवाय जाहिरातीत येतो तो त्या मॉडेलच्या सगळ्यात ताकदवान प्रकाराचा आकडा. शोरूममध्ये उभी असलेली गाडी तोच प्रकार असेल असं नाही.

मग खरा आकडा कुठे असतो?

ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवर एक स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून इतक्या वजनाच्या पुढे जाऊ नका, असं त्यावर लिहिलेलं असतं. याला पेलोड म्हणतात. हा आकडा त्या मॉडेलचा नाही, त्या एका गाडीचा असतो. सनरूफ, जड सीट, फोर-व्हील ड्राइव्ह असं जे काही जास्तीचं बसवलं, त्याचं वजन पेलोडमधून वजा होतं. म्हणून एकाच नावाच्या दोन ट्रकचा पेलोड वेगळा असू शकतो. चार दारांच्या, सगळ्या सोयी असलेल्या हाफ-टनवर तो अनेकदा ६५० ते ८०० किलो भरतो.

इथे बरेच जण फसतात. ट्रेलर मागे असतो, मग त्याचा पेलोडशी काय संबंध?

पश्चिम महाराष्ट्रात गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर बघितलेत ना? चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं कधी कधी उचलली जातात. ट्रॉली फक्त मागे खेचत नाही, ती जोडाच्या जागी खालीही दाबते. ट्रेलरचं तेच आहे. त्याच्या दांड्याचा जो भार ट्रकच्या हुकवर येतो, त्याला टंग वेट म्हणतात. ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये तो एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो आणि तो सगळा पेलोडमध्ये मोजायचा असतो.

तो कमी ठेवून भागत नाही. सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला भरलं की टंग वेट घटतं आणि ट्रेलर डावी-उजवीकडे झोकांड्या खायला लागतो. ट्रेडमिलवर खेळण्यातली गाडी आणि ट्रेलर ठेवून हेच दाखवणारा व्हिडिओ सोशल मीडियावर सतत फिरत असतो.

एक हिशोब करून बघू

ट्रेलर भरून ३,४०० किलो. चौघांच्या कुटुंबाला चालणारा, मध्यम आकाराचा. १३ टक्के धरलं तर टंग वेट ४४० किलो. चार माणसं २७० किलो. जोडणीचं सामान ४५ किलो. हौद्यात सायकली, कूलर, जनरेटर मिळून १०० किलो.

बेरीज ८५५ किलो.

जाहिरातीप्रमाणे ६ टन ओढणारा ट्रक ३.४ टनांच्या ट्रेलरला कमी पडला. ओढायला नाही, पेलायला.

आणखी एक सापळा आहे. ट्रेलर विकताना सांगतात ते ‘ड्राय वेट’, म्हणजे रिकाम्या ट्रेलरचं वजन. त्यात पाणी, किराणा, कपडे, भांडी काही नसतं. २०० लिटर पाणी भरलं की २०० किलो वाढलेच. म्हणून हिशोब रिकाम्या वजनावर नाही, तर ट्रेलरच्या जास्तीत जास्त परवानगी असलेल्या वजनावर करायचा.

हेवी-ड्युटी घेतला की प्रश्न सुटतो?

बऱ्याच अंशी सुटतो. मजबूत फ्रेम, जाड स्प्रिंग, मोठे ब्रेक, जास्त भार सोसणारे टायर आणि स्वतःचं जास्त वजन, यामुळे हेवी-ड्युटी ट्रक मागच्या ट्रेलरला ताब्यात ठेवतो. वरच्या हिशोबातला ट्रेलर थ्री-क्वार्टर टन आरामात नेईल.

पण इथे डिझेलचा तिढा आहे. फोर्डचं ६.७ लिटरचं हाय-आउटपुट डिझेल इंजिन ५०० हॉर्सपॉवर देतं. घाटात डिझेलला तोड नाही. उंचीवर हवा विरळ होते आणि टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं. कोलोरॅडोतला आयझेनहॉवर बोगदा ११ हजार फुटांवर आहे, म्हणजे तिथे जवळपास एक तृतीयांश ताकद गेलेली असते. टर्बो डिझेलला हा फटका कमी बसतो. उतारावर त्याचा एक्झॉस्ट ब्रेकही कामी येतो.

मात्र डिझेल इंजिन जड असतं. अनेक थ्री-क्वार्टर टन ट्रकचं परवानगी असलेलं एकूण वजन १०,००० पौंडांवर, म्हणजे सुमारे ४,५३६ किलोवर थांबवलेलं असतं, कारण त्याच्या पुढे सरकारी वर्गवारी बदलते आणि व्यावसायिक वापराचे नियम लागतात. कमाल वजन तेच आणि इंजिन जड, म्हणजे पेलोड कमी. त्यामुळे एकाच मॉडेलमध्ये डिझेलवाला ट्रक जास्त ओढतो, पण पेट्रोलवाला अनेकदा जास्त पेलतो.

हा फरक ‘फिफ्थ व्हील’ ट्रेलरमध्ये जास्त जाणवतो. त्याचा जोड मागे नसतो, थेट हौद्यात बसतो आणि १५ ते २५ टक्के भार ट्रकवर टाकतो. साडेसहा टनांच्या फिफ्थ व्हीलचे २० टक्के म्हणजे १,३०० किलो. तिथे डिझेल थ्री-क्वार्टर टनही अपुरा पडू शकतो आणि वन-टन घ्यावा लागतो.

खिशाला किती फटका?

डिझेल इंजिनासाठी साधारण १० हजार डॉलर जास्त मोजावे लागतात. देखभालही महाग आहे. वर्षातून दोन सहली आणि बाकी दिवस ऑफिसला ये-जा असेल तर हे पैसे वसूल होणं अवघड.

मायलेजचं काय? परवानगी असलेलं एकूण वजन ८,५०० पौंडांच्या वर गेलं की अमेरिकेत गाडीवर मायलेजचं सरकारी लेबल लावायचं बंधन नाही. म्हणजे लाखभर डॉलरपर्यंत जाणारा ट्रक घेताना तो किती पितो हे शोरूममधल्या स्टिकरवर सापडत नाही.

पर्यायही मोजकेच. या गटात फोर्ड, जनरल मोटर्स आणि रॅम या तिघांचंच राज्य आहे. युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर कर लावला म्हणून अमेरिकेने १९६४ मध्ये आयात हलक्या ट्रकवर २५ टक्के कर बसवला. हा ‘चिकन टॅक्स’ आजही आहे आणि परदेशी पिकअप त्यामुळेच बाहेर राहिले. नोव्हेंबर २०२५ पासून मध्यम आणि अवजड आयात ट्रकवरही २५ टक्के कर लागला. त्या वर्गवारीत वन-टन पिकअपही येतात. रॅमचे हेवी-ड्युटी ट्रक मेक्सिकोतल्या साल्टिलोमध्ये बनतात. उत्तर अमेरिकी करारातल्या गाड्यांना अमेरिकेत बनलेल्या भागापुरती सवलत आहे, पण खर्चाचा दबाव राहतोच.

घेणाऱ्याने काय करावं?

आधी ट्रेलर ठरवा, मग ट्रक. उलटं केलं की ट्रेलर ट्रकच्या मापाचा शोधावा लागतो किंवा दोन वर्षांत ट्रक बदलावा लागतो.

सेल्समनने सांगितलेल्या आकड्याऐवजी त्याच गाडीच्या दारावरचा स्टिकर वाचा. माणसं, सामान आणि टंग वेट यांची बेरीज त्याच्या आत बसवा, थोडी जागाही शिल्लक ठेवा. भार विभागणारी जोडणी आणि ट्रेलर-ब्रेक कंट्रोलर घ्या, पण जोडणीमुळे ट्रकची मर्यादा वाढत नाही हे लक्षात ठेवा.

लायसन्सही तपासा. नियम राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात १०,००० पौंडांच्या वरचा ट्रॅव्हल ट्रेलर साध्या लायसन्सवर ओढता येत नाही.

आणि पहिल्या मोठ्या सहलीआधी सगळं भरून, सगळ्यांना बसवून काट्यावर जा. आपल्याकडे उसाला वजनकाटा असतो, तसे तिकडे हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर काटे असतात. थोडक्या डॉलरमध्ये प्रत्येक ॲक्सलवर किती भार आहे, ते छापून मिळतं. तो कागद आणि दारावरचा स्टिकर शेजारी ठेवून बघा. ट्रेलर झेपतोय का, हे तिथे कळतं.